आवाजाला भिणारी पेटी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी हसायला नको. मी जन्माची भित्री आहे. उंदराला भिते, ओलीला भिते, आणि बसायला जागा शोधणाऱ्या जाडजूड पाहुण्याला तर फारच भिते. मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, तुम्ही जिला हार्मोनियम म्हणता, ती. आता हार्मोनियमने आवाजाला भ्यावं हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण माझ्या आयुष्यात असा एक काळ येऊन गेला, की मला उंदरापेक्षाही माझ्या स्वतःच्या आवाजाची धास्ती वाटायची. ते कसं झालं, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म परभणीतल्या एका कारागिराच्या दुकानात झाला. अंग सागवानी, पट्ट्या काळ्या-पांढऱ्या, पोटात पितळेच्या पातळ जिभल्या आणि पाठीला कातडी लावलेला भाता. भाता हे माझं फुप्फुस. एका हाताने भाता मारायचा आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबायच्या, तेव्हा कुठे माझ्या तोंडून सूर फुटतो. यातला एक हात थांबला की मी मुकी. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे भर कोर्टात हाच प्रश्न निघाला.

मी तयार झाल्यावर कारागिराने मला वाजवून पाहिलं आणि तो बायकोला म्हणाला, हिचा आवाज लांब जाणार. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. हेच कौतुक पुढे माझ्या जिवावर उठेल असं वाटलं नव्हतं.

मला देवानंदने घेतलं. तो मूळचा कुंभार पिंपळगावचा. जालन्याच्या एमआयडीसीत सळ्या तयार करणाऱ्या एका मिलमध्ये तो कामाला लागला होता आणि जवळच्याच वस्तीत खोली करून राहत होता. घरात त्याची बायको बेबीनंदा आणि अक्षता नावाची मुलगी. मिलमध्ये दिवसभर लालभडक लोखंडाशी झटायचं, घरी येऊन अंघोळ करायची आणि माझ्यासमोर मांडी घालून बसायचं, असा त्याचा नेम होता. भट्टीच्या धगीने त्याची बोटं राठ झाली होती, पण माझ्या पट्ट्यांवर ती फार हलकी पडत.

देवानंद भीमगीतं गायचा. त्याचा मित्र मिथुन ढोलकीवर, आणखी दोघे-तिघे झिलीला, म्हणजे मागून सूर ओढायला. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाच्या लेकराचं नामकरण असो की कुणी गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, बोलावणं आलं की आमची पार्टी निघाली. मला चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर बांधलं जाई. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला माझ्या जिभल्या खडखडत आणि मी मनातल्या मनात सगळ्या पार्टीला शिव्या घाली. पण एकदा स्टेजवर ठेवलं आणि देवानंदचा डावा हात भात्यावर आला, की माझी भीती पळायची. समोर बायाबापड्या बसलेल्या, लेकरं पेंगलेली, आणि माझा आवाज खरंच लांब जात असे.

एक गोष्ट मात्र आमच्या पार्टीत ठरलेली होती. गाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. जेवण घ्यायचं, चहा घ्यायचा, फार तर पेट्रोल टाकू द्यायचं. एकदा कुणीतरी बळंच पाकीट पुढे केलं, तेव्हा देवानंदने ते दोन्ही हातांनी परत केलं. तो म्हणाला, "बाबासाहेबांचं गाणं गायचं अन् त्याचे पैसे घ्यायचे, हे आपल्याच्यानं बिलकुल व्हायचं न्हाई." बेबीनंदा बायकांमध्ये बसून टाळ्या वाजवायची. स्टेजवर ती कधी चढली नाही. तिचा माझा संबंध म्हणजे आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसणं, तेवढाच.

मित्रांनो, त्या सकाळी मी खोलीत होते. देवानंद पहिल्या पाळीला निघाला, अक्षताच्या गालाला हात लावून गेला. पुढचं मी नंतर ऐकलं ते असं. एमआयडीसीच्या एका गल्लीतून सळ्यांनी भरलेला टेम्पो उलटा मागे येत रस्त्यावर आला. सळ्या मागे हातभर बाहेर आलेल्या. त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधायची रीत आहे, ते बांधलेलं नव्हतं, आणि मागे बघायला कुणी उतरलंही नव्हतं. त्या सळ्या देवानंदच्या डाव्या खांद्यात बसल्या.

तो वाचला. पुष्कळ दिवसांनी दवाखान्यातून घरी आला, तेव्हा मी त्याच्या हाताकडेच पाहिलं. हात जागेवर होता. पाचही बोटं होती. मी सुटकेचा श्वास टाकला, म्हणजे भात्यात होता तेवढा. पण तो हात नुसता लोंबत होता. खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या. बाहेरून धडधाकट दिसणारा तो हात आता साधी माशीही उडवू शकत नव्हता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो परत कामाला येणार नाही.

देवानंदने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग बेबीनंदाने मला उचलून लोखंडी पेटीवर ठेवलं आणि माझ्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या रचल्या. अंधार झाला. आता मला विकतील, नाही तर उंदीर माझा भाता खातील, या दोन भीत्यांमध्ये मी दिवस काढू लागले. मिलमध्ये एका हाताच्या माणसाला काम नव्हतं. बेबीनंदा एका बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जाऊ लागली.

मग कोर्टाचा विषय निघाला. टेम्पोचा विमा होता, त्यामुळे विमा कंपनीकडे नुकसानभरपाई मागता येते असं कुणीतरी सांगितलं आणि दोघे अर्पिता मॅडम नावाच्या वकीलबाईंकडे गेले. मॅडमनी त्यांना जे समजावलं, ते त्यांनी घरी येऊन एकमेकांना पुन्हा समजावलं. मी गोधड्यांखालून ऐकत होते. भरपाई एकाच गोष्टीची नसते म्हणे. दवाखान्याचा आणि औषधाचा खर्च वेगळा. अंथरुणावर असताना बुडालेली मजुरी वेगळी, आणि हात गेल्यामुळे पुढे आयुष्यभर जी मिळणार नाही ती वेगळी. रिक्षाचं भाडं, दूध-अंडी, तेही धरतात. आणि जे दुखलं, रात्र-रात्र कण्हत काढली, त्या यातनांचीही भरपाई असते.

"दुखण्याचेबी पैसे असतात?" देवानंदने ओशाळून विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, असतात. मग त्यांनी बेबीनंदाला विचारलं, यांच्या मदतीला कुणी माणूस आहे का? बेबीनंदाने सांगितलं, कुणी नाही. मॅडमनी देवानंदला विचारलं, पगाराशिवाय आणखी काही नुकसान झालंय का? देवानंदने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, नाही.

हे ऐकून मी गोधड्यांखाली तडफडले. अरे, मी आहे ना! पण भाता मारायला कुणी नव्हतं, तर ओरडणार कशी?

असेच दिवस चालले होते. एका सुट्टीच्या दुपारी अक्षताने गोधड्या खाली ओढल्या. तिला पांघरायला एक हवी होती, पण तिला मी सापडले. तिने माझं झाकण उघडलं आणि पट्ट्या दाबल्या. आवाज आला नाही. ती बापाकडे बघू लागली. देवानंदने मान फिरवली. तेव्हा बेबीनंदा चुलीपुढून उठली, हात पदराला पुसत माझ्या पाठीमागे येऊन बसली आणि तिने माझा भाता धरला.

काय सांगू, असा अडाणी हात मी त्याआधी पाहिला नव्हता. पाखडल्यासारखा सपासप भाता मारत होती. माझ्या तोंडून एकदम मोठा भोंगा निघाला आणि अक्षता हसून हसून आडवी झाली. पण देवानंद हसला नाही. तो सरकत सरकत पुढे आला. त्याची उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर आली, घाबरत आली. तो नुसता म्हणाला, "बेबी, हळू. दमानं."

त्या दिवसापासून ती शिकली. तो कुठे दम घेतो, कुठे सूर ताणतो, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळू लागलं. काही दिवसांनी तर मला दोन माणसं वाजवताहेत हे मलाच विसरायला व्हायचं. देवानंद पुन्हा नीट जेवू लागला. अक्षताला रागावू लागला, म्हणजे माणसात आला.

आणि तिथूनच माझी खरी भीती सुरू झाली. एके दिवशी वाजवता वाजवता बेबीनंदाने भाता सोडला आणि ती धावत जाऊन खिडकी लावून आली. वस्तीतल्या कुणाची तरी गोष्ट तिने ऐकली होती. पाय मोडला म्हणून दावा लावलेला एक माणूस वरातीत दोन पावलं नाचला, ते कुणीतरी पाहिलं आणि त्याची भरपाई पार घटली. ती गोष्ट खरी की खोटी कुणास ठाऊक. पण बेबीनंदाचा चेहरा पांढरा पडला होता. तुमचा हात बाहेरून तर धडधाकट दिसतो, ती देवानंदला म्हणाली. त्यात पेटीचा आवाज ऐकला तर लोक म्हणतील हात चांगला झाला, आणि सगळा दावा खोटा ठरेल.

मग खिडकीत गोधडी कोंबली गेली. दाराला कडी लागू लागली. वाजवायचं ते अगदी हळू, आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की थांबायचं. मित्रांनो, त्या घराचं सगळं पुढचं आयुष्य त्या दाव्यावर होतं. अक्षताची शाळा, खोलीचं भाडं, देवानंदची औषधं. आणि माझा आवाज तर लांब जाणारा! प्रत्येक सूर निघताना मला वाटायचं, हा खिडकीतून निसटला तर? एखाद्या सुराने घात केला तर? मी आत आत आवाज ओढून घ्यायची, पण पितळेची जीभ कुठे चावता येते?

ज्याची भीती होती तो दारातून आला, आणि कडी आम्हीच काढली. एके दुपारी पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आला. त्याने "जय भीम" म्हटलं. आमच्या घरात जय भीम म्हणणाऱ्याला आधी पाणी देतात आणि नाव नंतर विचारतात. तो म्हणाला, मी टेंभुर्णीकडचा, बहिणीच्या लेकराचं नामकरण आहे, तुमच्या पार्टीचं नाव फार ऐकलंय. देवानंदने हाताचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, तरी तुम्ही घरी वाजवता असं कळलं, एखादं कडवं ऐकवा, घरच्यांना दाखवायला मोबाईलवर घेतो.

बेबीनंदाने डोळ्यांनी खुणावलं. मीही खुणावलं असतं, पण मला डोळे नाहीत. देवानंदला ती खूण दिसली होती, हे मी शपथेवर सांगते. तो तिला हळूच म्हणाला, "पाहुणे लेकराच्या नामकरणाला बोलवून राह्यले. आजवर आपण कोणाला न्हाई म्हणलंय का?"

नाही म्हणणं त्याला येतच नव्हतं. पैसे न घेणाऱ्या माणसाजवळ मानाची तेवढी एकच गोष्ट असते, की तो कुणाला परत पाठवत नाही. त्याने मला पुढे ओढलं. बेबीनंदा मुकाट्याने माझ्या पाठीमागे बसली.

पाहुण्याने मोबाईल धरला. त्याचा काळा डोळा मला समोर दिसत होता. त्यात माझ्या पट्ट्या होत्या, देवानंदचा उजवा हात होता आणि गाताना फुललेला त्याचा चेहरा होता. मांडीवर पडलेला डावा हात त्या चौकटीच्या खाली राहिला. आणि बेबीनंदाकडे तो डोळा एकदाही वळला नाही. मला दरदरून घाम फुटला असता. मी बेसूर व्हायची फार धडपड केली, पण परभणीच्या त्या कारागिराने मला तसं घडवलंच नव्हतं. कधी नव्हे इतकी मी गोड वाजले. पाहुण्याने चहा घेतला, खूप तारीफ केली आणि नामकरणाची तारीख न सांगताच निघून गेला.

तो विमा कंपनीने पाठवलेला माणूस होता. हे आम्हाला देवानंदच्या उलटतपासणीच्या दिवशी कळलं. त्या दिवशी कंपनीच्या वकिलाने कोर्टात तो व्हिडिओ दाखवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, हे तुम्हीच का? देवानंद म्हणाला, हो. वाजवताय? हो. वकिलाने तिथेच थांबून पुढची तारीख मागितली. देवानंदला आणखी बोलायचं होतं, पण त्याला पुढे कुणी विचारलंच नाही.

घरी आल्यावर तो भिंतीला टेकून बसला. अर्पिता मॅडम त्याच्यावर खूप चिडल्या होत्या. पेटीचं, गाण्याचं त्याने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी न्यायाधीशांकडे विनंती केली होती, की पेटी कोर्टात आणून प्रत्यक्ष पाहावी. साहेबांनी परवानगी दिली होती.

मिथुन तेव्हा घरी आलेला होता. तो बिचारा मित्राच्या काळजीने म्हणाला, पेटी विकली म्हणून सांगू, पेटीच नाही तर दाखवणार काय? मी कान टवकारले. विकलं जाण्याची भीती मला पहिल्यापासून होती, पण त्या घडीला खरं सांगते, मला वाटलं विका एकदाची. निदान माझ्यामुळे हे घर बुडणार नाही.  बेबीनंदाच्या मनातही तेच असावं.

देवानंदने मान हलवली. "पंचशील घेतलंय आपण, मिथुन. खोटं बोलून जिंकलो, तं मंग पुन्हा कोणत्या तोंडानं गाणार?"

तारखेच्या सकाळी मिथुनने मला मोटारसायकलवर बांधलं. पुढे रस्त्यात सळ्यांनी भरलेला टेम्पो होता. सळ्यांची टोकं हलत होती. या टेम्पोच्या सळ्यांना लाल फडकं होतं, तरी मी डोळे नसताना डोळे मिटून घेतले. मिथुनही त्या टेम्पोच्या फार मागे राहून गाडी चालवत होता.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं. काळे कोट, फायलींचे ढीग, वर फिरणारा पंखा. मी जयंतीच्या गर्दीत वाजलेली पेटी, पण त्या खोलीत माझं लाकूड गार पडलं. न्यायाधीशसाहेबांनी सांगितलं, वाजवा. देवानंदने विचारलं, एकट्यानं का? साहेब म्हणाले, हो, एकट्याने.

त्याने उजव्या हाताने पट्ट्या दाबल्या. टक टक टक. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज, बाकी काही नाही. मी मुकी. कंपनीचे वकील उठले आणि म्हणाले, उजव्या हाताने भाता मारून मग वाजवा, ते तर जमेल. देवानंदने हात माझ्या पाठीमागे नेला, भाता ओढला, तोच हात घाईने पुढे आणला. एक सूर निघाला आणि अर्ध्या वाटेतच विझला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला त्याची भयंकर कीव आली. इतक्या स्टेजवर गाजलेला गडी, आणि चारचौघांत त्याला असं धडपडावं लागत होतं.

इतके दिवस मी आवाजाला भीत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी गप्प राहिले म्हणून कुणाचं तरी भलं होत होतं, आणि तरीही मला रडू येत होतं.

साहेबांनी विचारलं, मग व्हिडिओत एवढं चांगलं कसं वाजलं? देवानंदने मागे बाकावर बसलेल्या बेबीनंदाकडे पाहिलं.

"साहेब, भाता बायको मारती. उजवा हात माझा हाय, डावा तिचा."

 साहेबांनी बेबीनंदाला पुढे बोलावलं. ती पदर सावरत आली. तिने माझा भाता धरला. ती भ्याली होती, मी भ्याले होते, देवानंद भ्याला होता. पण भाता हलला आणि सूर निघाला. नीट, भरलेला, न थांबणारा सूर. मला वाटतं तो बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण एक शिपाई दारातून डोकावला. साहेब थोडा वेळ ऐकत राहिले, मग त्यांनी हाताने थांबायला सांगितलं.

त्यांनी देवानंदला विचारलं, अपघाताआधी कार्यक्रमाचं मानधन किती घ्यायचात? काहीच नाही, देवानंद म्हणाला. मग हे नुकसान दाव्यात का नाही लिहिलं?

"ज्याचा कधी पैसा घेतला न्हाई साहेब, त्याच्या नुकसानीचा पैसा कसा मागावा?"

 मग साहेबांनी बेबीनंदाला विचारलं, यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं? अंघोळ कोण घालतं? भाकरी कोण मोडून देतं? प्रत्येक वेळी ती म्हणाली, मी. मग मदतीला कुणी नाही असं दाव्यात कसं लिहिलंय?

"कोणी ठेवलेलं न्हाई साहेब," ती म्हणाली. "मीच हाय."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं की या नवराबायकोने एकच चूक दोन ठिकाणी केली होती. जे फुकट केलं, ते काही नाहीच असं दोघांनी धरलं होतं. साहेब मान खाली घालून पुष्कळ वेळ लिहीत राहिले.

निकालाच्या दिवसापर्यंत मी कशी जगले ते विचारू नका. भात्याला उंदीर लागला तरी मला कळलं नसतं. निकाल लागला तेव्हा अर्पिता मॅडम स्वतः खोलीवर आल्या. चिडल्या होत्या त्याचं त्यांना वाईट वाटत असावं, कारण अक्षतासाठी बिस्किटं आणली होती. दावा मंजूर झाला होता. दवाखान्याचं, मजुरीचं, पुढच्या कमाईचं, यातनांचं, सगळं त्यांनी वाचून दाखवलं. आकडे किती ते मला सांगता येणार नाही. मला सात सुरांच्या पुढे मोजता येत नाही.

मग त्यांनी आणखी दोन गोष्टी वाचल्या. मदतनिसाची भरपाई वेगळी दिली होती. मदत करणारी पत्नी असली तरी तिचे कष्ट फुकट धरता येत नाहीत, असं साहेबांनी लिहिलं होतं. बेबीनंदाने ते मॅडमना पुन्हा वाचायला लावलं आणि मग ती चहा ठेवायला उठली, ती बराच वेळ पाठमोरीच राहिली. दुसरी गोष्ट होती जगण्यातल्या आनंदाच्या नुकसानीची. अर्जदार स्वतःच्या हातांनी वाजवून गाऊ शकत नाही, आणि त्यातून त्याला पैसा मिळत नव्हता म्हणून ते नुकसान लहान होत नाही, असं तिथे लिहिलं होतं.

देवानंद खाली बघत होता. मग तो म्हणाला, "मॅडम, आनंदाचे पैसे घेतले, तं आपण आनंद ईकला असं तं न्हाई ना होत?"

"विकला नाही, देवानंद," मॅडम म्हणाल्या. "हिरावला, असं लिहिलंय."

यावर तो रडला. अपघात झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

माझी भीती गेली का? छे. कंपनी वरच्या कोर्टात जाऊ शकते असं मॅडम जाताना सांगून गेल्या, तेव्हापासून मी पुन्हा धास्तीत आहे. पैसा हातात पडायला वेळ लागतो, तोवर बेबीनंदा बी निवडायला जातेच आहे. आणि हात तर कोणताच निकाल परत आणत नाही. पण मॅडम गेल्या त्याच संध्याकाळी बेबीनंदाने खिडकीतली गोधडी ओढून काढली, झटकली आणि घडी करून ठेवली. खिडकी सताड उघडली. मग माझ्या पाठीमागे येऊन बसली. माझा आवाज समोरच्या गल्लीत गेला, आणि शेजारच्या बाईने तिथूनच, हे कडवं पुन्हा म्हणा, असं सांगितलं.

यंदा बुद्धपौर्णिमेला आम्ही कुंभार पिंपळगावला गेलो. बायकांमध्ये बसून टाळ्या वाजवणारी बेबीनंदा पहिल्यांदा स्टेजवर चढली. तिला इतकी लाज वाटत होती की पहिलं कडवंभर तिने मान वर केली नाही. कुणीतरी आयोजकाने शेवटी पाकीट पुढे केलं. देवानंदने ते परत केलं, आता एकाच हाताने.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे, माझ्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. माझ्यासारखी पेटी तुमच्या घरी असेल तर तिला ओलीत ठेवू नका, तिच्यावर गोधड्या रचू नका आणि पाहुण्यांना तिच्यावर बसू देऊ नका. एवढं तर कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे. तुमच्या ओळखीचं कुणी मार लागून घरी बसलं, तर त्याला भेटायला जा. पगार किती होता, खर्च किती झाला, हे विचाराल ते विचारा. पण त्याच्या शर्टाची बटणं कोण लावतं हेही बघा. आणि पैसे न घेता तो काय करायचा, ते आवर्जून विचारा. तो म्हणेल, काही नाही. तेव्हा उठू नका, थोडा वेळ बसून राहा.